हळदीचं पाणी

हळदीचा डबा रिकामा आहे, हे चतुराबाईनं सकाळपासून चार वेळा सांगून झालं होतं आणि चारही वेळा कुणी मनावर घेतलं नव्हतं. घेणार तरी कोण? ऊसतोडीला गाडी काढायचा दिवस. अंगणात बावीस माणसं आपापली बोचकी, बाजा, पेट्या आणि डालग्यातल्या कोंबड्या घेऊन थंडीत कुडकुडत बसलेली. एका चुलीवर रेडिएटरसाठी पाणी, दुसरीवर चहा. त्यात म्हातारीनं हळदीचं रडगाणं लावलं तर लोक ऐकून न ऐकल्यासारखं करणारच.

राजश्रीनं मात्र पाचव्या वेळेला ऐकलं, आणि तिच्या हातातला चहाचा गंज तसाच राहिला.

"किती हुती गं माय?"

"अर्ध्या किलोच्या वर. गेल्या बाजारातनं आणलेली. तू जीवनकडं गेलतीस तवा शहादेव म्हणला, गाडीला मूठभर लागती. म्हणून डबाच हातात दिला मी. मूठभर म्हणायचं अन् डबा झाडून न्यायचा, ही काय रीत झाली?"

आता गाडीला हळद लागते हे या घराला काही नवं नव्हतं. रेडिएटरला बारीक भोक पडलं, थेंब थेंब पाणी गळायला लागलं, की मूठभर हळद पाण्यात सोडायची. ती फुगते, भोकात जाऊन बसते, गळती थांबते. राजश्रीचे वडील आप्पा अठ्ठ्याऐंशी सालापासून हे करत आले होते, म्हणजे रस्त्याच्या खात्याच्या लिलावातून ही नाकाची गाडी, पुढं बॉनेट आलेला जुना ट्रक, त्यांनी घरी आणली तेव्हापासून. पण मुठीनं. अर्धा किलो हळद रेडिएटरला लागत नाही. इंजिनच्या हेडला, म्हणजे वरच्या लोखंडी झाकणाला, तडा गेला असेल, पाणी आतल्या आत ऑइलमध्ये उतरत असेल आणि ते चार दिवस कुणाला कळू द्यायचं नसेल, तेव्हा एवढी हळद लागते.

राजश्रीनं गंज खाली ठेवला. पदर खोचला. आणि मग जागची हललीच नाही, कारण बाहेर जाऊन नेमकं कुणाला काय सांगायचं हेच तिला उमगेना.

अकरा वर्षांपूर्वी कडा गावचं सासर सोडून ती या अंगणात उतरली, तेव्हा धाकटा भाऊ जीवन म्हणाला होता, आक्का, परत जा, नांदवून घ्यायचं बघ. तो शिकलेला, बीडला जिल्हा परिषदेत कारकून, त्याला लोक काय म्हणतील याची काळजी. थोरला शहादेव काहीच म्हणाला नव्हता. त्यानं तिच्या हातात चौदा-पंधराचा पाना दिला आणि म्हणाला, हात काळे करायला भ्यायचं न्हाई. त्या एका वाक्यावर राजश्री अकरा वर्षं जगली. लहानपणी आप्पांच्या मागं मागं फिरून शिकलेलं सगळं त्या पान्याबरोबर परत आलं. आता जुन्या इंजिनाचं काही अडलं की मांजरसुंब्याच्या ढाब्यांवरचे ड्रायव्हर एकमेकांना सांगत, शहादेवच्या बहिणीकडं घेऊन जा. असा भाऊ. आणि त्याच भावानं ती चार दिवस बीडला जीवनच्या बायकोच्या, रूपालीच्या, ऑपरेशनसाठी गेल्याचा मोका साधून हे करून ठेवलं होतं.

ती बाहेर आली. गाडी लिंबाखाली उभी होती, नाक पुढं काढून, नव्या हिरव्या रंगात. काचेच्या वर पांढऱ्या अक्षरात जयभीम, आत बाबासाहेबांचा फोटो नव्या फुलांच्या हारात. शहादेव बॉनेट उघडून काहीतरी पुसत होता. पुसण्यासारखं तिथं काही उरलं नव्हतं.

"दादा, हळद किती टाकलीस?"

"मूठभर."

त्यानं मान वर केली नाही. राजश्रीनं रेडिएटरचं झाकण काढून बोट आत घातलं. बोट पिवळंजर्द निघालं, वर दाट साय. तिनं ते त्याच्या डोळ्यांपुढं धरलं. तेव्हा कुठं त्यानं तिच्याकडं बघितलं आणि राजश्रीला त्याची कीवही आली आणि रागही आला. पन्नाशी उलटलेला माणूस, दाढीचे खुंट पांढरे झालेले, आणि डोळे चोरी पकडलेल्या पोराचे.

"राजी, आज काई बोलू नको," तो हळू म्हणाला. "गाडी जाऊ दे. तिकडं पोचलो की हेड काढतो अन् टाकतो करून. तुझी शप्पथ."

"अन् घाटात?"

"हळद बसली हाय चांगली. काई होत न्हाई."

एवढं बोलून तो पाणी आणायच्या निमित्तानं निघून गेला. घाटात काय होतं हे त्याला सांगायची गरज नव्हती. या जुन्या गाडीचे ब्रेक हवेवर चालतात आणि हवा भरतं इंजिन. ऑइलमध्ये पाणी गेलेलं इंजिन चढावर किंवा उतारावर गच्च झालं, की टाकीत उरलेली हवा चार वेळा पाय दाबेपर्यंत पुरते. पाचव्या वेळी पाय नुसता खाली जातो. आणि मांजरसुंब्याचा घाट उतरल्याशिवाय माजलगावच्या अंगाला, उसाच्या फडावर, जायला वाट नाही.

पण गोष्ट एवढीच असती तर राजश्रीनं तिथंच आरडाओरडा केला असता. दिवाळीत या घरात एक ठरलं होतं, ते आडवं येत होतं.

जीवनला गाडी नको होती. गेली तीन वर्षं तो हेच लावून धरत होता. लोक म्हणत त्याला नोकरीवाल्याला लाज वाटते, आणि राजश्रीही तसंच धरून चालली होती. या चार दिवसांत रूपालीनं तिला वेगळंच सांगितलं. हिवाळ्यात पहाटे फोन वाजला की हा माणूस अंथरुणात उठून बसतो, घाम फुटतो त्याला. लहानपणी उसाच्या मोळ्यांवर झोपून त्यानं आप्पांबरोबर किती घाट उतरले होते, ते त्याच्या अंगातून कधी गेलंच नाही. शहादेवला हे सांगून उपयोग नव्हता. गाडी गेली तर शहादेव कोण? या वयात दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर, नाहीतर हातात कोयता घेऊन फडात. दिवाळीत त्यानं ताट ढकललं, जीवननं आवाज चढवला, चतुराबाई रडली, आणि शेवटी आप्पांच्या समोर ठरलं. गाडी आप्पांच्या नावावर, निकालही आप्पांचा. दरवर्षीसारखं हंगामाच्या पहिल्या दिवशी आप्पा इंजिन ऐकतील. ते 'चालती' म्हणाले तर गाडी राहील आणि जीवन पुन्हा तोंड उघडणार नाही. 'न्हाई' म्हणाले तर मांजरसुंब्याच्या विजयसिंह भंगारवाल्याला फोन जाईल आणि शहादेव तोंड उघडणार नाही. दोघांनी आप्पांच्या पायाला हात लावून कबूल केलं होतं.

आप्पांचं ऐकणं म्हणजे हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. हातभर लांबीची सागवानी दांडी होती त्यांची, वापरून गुळगुळीत झालेली. एक टोक चालू इंजिनवर टेकवायचं, दुसरं कानात. डोळे मिटायचे. कोणता व्हॉल्व्ह ढिला, कुठलं बेअरिंग कुरकुरतंय, सगळं सांगायचे. एका साली ते 'न्हाई' म्हणाले म्हणून टोळी दुसऱ्याच्या गाडीनं गेली आणि आठ दिवसांनी खरंच क्रँक तुटला, उभ्या गाडीत. तेव्हापासून मुकादम गहिनीनाथनं नेमच केला होता. म्हाताऱ्यानं 'चालती' म्हटल्याशिवाय त्याच्या टोळीतलं एक लेकरूही वर चढत नसे.

आणि आप्पांना ऐकू येत नव्हतं.

हे राजश्रीला पोळ्यापासून माहीत होतं. आप्पा, म्हणजे ज्ञानोबा ड्रायव्हर, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाले होते, कान जायचेच. पण कबूल करायचं नाही. कुणी काही बोललं की ते तोंडाकडं बघत, मान डोलावत आणि 'हूं' म्हणत. 'काय म्हणलास?' असा सवाल त्यांनी वर्षभरात एकदाही केला नव्हता. राजश्री त्यांच्यासाठी बोललेलं पुन्हा वळवून, खुणा करून सांगायची आणि दुसऱ्या कुणाला कळू द्यायची नाही. कान गेले तरी हात आहे, असं ती स्वतःला समजावत होती. दांडी थरथरते, ती हाताला कळते. पन्नास वर्षांचा हात आहे तो.

पाणी आलं. शहादेवनं ते रेडिएटरमध्ये ओतलं, वाफ निघाली. जीवन पांढऱ्या शर्टावर स्वेटर घालून बाजेवर बसला होता, मोबाइल हातात. त्यानं राजश्रीकडं बघून विचारलं की आक्का, सगळं बरंय ना, आणि राजश्रीनं मान हलवली. कशी हलवली ते तिचं तिलाच कळलं नाही. गहिनीनाथ बायकांना सांगत होता, आधी सामान वर जाऊ द्या, लेकरं नंतर. दोन पेट्या आणि कोंबड्यांचं डालगं वर चढलंसुद्धा.

थंडीत ही गाडी अशी तशी चालू होत नाही. गज वाकवून त्याला चिंधी गुंडाळायची, डिझेलमध्ये बुडवायची, पेटवायची आणि हवा ओढायच्या तोंडापाशी धरायची. गरम हवा आत गेली म्हणजे इंजिनला दम येतो. हा काकडा धरायचं काम अकरा वर्षं राजश्रीचं. तिनं काकडा धरला, शहादेवनं केबिनमधून चावी फिरवली. घर्र, घर्र, घर्र. बॅटरीचा जीव जातो की काय असं वाटेपर्यंत. चौथ्या वेळेला इंजिन ठसकलं, खोकलं आणि धडधडायला लागलं. मागून पांढऱ्या धुराचा लोट निघाला. लेकरं हसली. थंडीत सगळ्याच गाड्यांचा धूर पांढरा असतो, म्हणून त्या धुराकडं कुणी बघितलं नाही. राजश्रीनं बघितलं. विरायचं नावच घेत नव्हता तो, नुसती वाफ.

आप्पा उठले. अंगावर धुतलेलं पांढरं धोतर, वर जुना खाकी कोट, डोक्याला मफलर. दोन्ही हातांनी दांडी धरून ते सावकाश आले, तशी माणसं बाजूला झाली आणि गप्प झाली. त्यांनी मफलर कानावरून सरकवला. दांडीचं टोक इंजिनवर टेकवलं, दुसरं कानात घेतलं, डोळे मिटले.

राजश्री त्यांच्या शेजारीच उभी होती, डिझेलच्या पंपापाशी. रेडिएटरचं झाकण अजून उघडं होतं. आत पिवळ्या पाण्यात बुडबुडे येत होते, एकामागून एक. तड्यातून इंजिनचा जाळ पाण्यात घुसत होता. आता आप्पा म्हणतील चालती. मग बावीस माणसं वर चढतील. त्यात गहिनीनाथची सून, पोटात सातवा महिना. राजश्री बोलली तर शहादेवची गाडी भंगारात जाणार, बोलली नाही तर घाट.

मग तिला एक सुचलं. इंजिन बंद करायचं. डिझेलच्या नळीत हवा शिरली म्हणायचं, काढायला तास लागंल म्हणायचं. तेवढ्या तासात शहादेवला लिंबामागं न्यायचं, पाया पडायचं, भांडायचं, काय वाटेल ते करायचं. कुणाची फजिती नाही, कुणाचा शब्द मोडत नाही. तिनं पंपावरची पत्ती मागं ओढली.

इंजिन दोन आचके देऊन थांबलं. पंखा आणखी दोनदा फिरला आणि उभा राहिला. एकदम इतकं शांत झालं की वरच्या डालग्यातल्या कोंबड्यांची कुरकुर ऐकू यायला लागली.

राजश्रीनं तोंड उघडलं, नळीत हवा शिरली म्हणायला. आणि बघितलं तर आप्पा तसेच उभे. डोळे मिटलेले, दांडी कानात. त्यांचा उजवा हात कापत होता, वर्षभर कापायचा तसाच, आणि त्या हाताबरोबर दांडी थडथडत होती.

"ठणठणीत हाय," आप्पा म्हणाले. "चालती."

एक लेकरू हसलं आणि त्याच्या आईनं त्याच्या तोंडावर हात दाबला. राजश्रीला वाटलं, आत्ताच्या आत्ता पत्ती पुढं ढकलावी, इंजिन पुन्हा धडधडावं आणि हे कुणी बघितलेलंच नसावं. हाताचं तिला कधी कळलंच नव्हतं. हातसुद्धा गेला होता.

चतुराबाई पुढं झाली. तिनं नवऱ्याच्या हातावर आपला हात ठेवला. "अवं, बंद हाय ती," म्हणाली. आप्पांनी डोळे उघडले, तिच्या तोंडाकडं बघितलं, सवयीनं मान डोलावली. मग त्यांची नजर पंख्यावर गेली. तिथून आपल्या हातावर. हात अजून कापत होता. ते त्याच्याकडं बघत राहिले, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

जीवन उठला. त्याचा आवाज चढला नाही, उलट बसल्यासारखा झाला. "आप्पाला ऐकू येत न्हाई. आक्का, तुला ठाऊक हुतं."

"हो. पोळ्यापासनं."

"अन् तरी तू बावीस माणसं चढू देणार हुतीस."

तिनं शहादेवकडं बघितलं. तो केबिनमधून उतरून दाराला धरून उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर सगळं होतं, फक्त नवल नव्हतं. जीवन दचकला होता, गहिनीनाथ दचकला होता, माय रडायच्या बेतात होती. शहादेव दचकला नव्हता. तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख झालं.

"दादा, तुला बी ठाऊक हुतं," ती म्हणाली. "आप्पाचे कान शाबूत असते तर डबाभर हळद टाकायचा तुझा धीर झाला नसता."

"तू बी लपवलंसच की," शहादेव म्हणाला. "मी लपवलं तर पाप?"

हे दोघं एकमेकांशी असं कधी बोलले नव्हते. सगळी टोळी बघत होती. कसली हळद, असं गहिनीनाथनं विचारलं आणि कुणीच सांगेना. जीवननं विचारलं, तरी नाही. मग आप्पाच बोलले. यातलं एक अक्षर त्यांना ऐकू आलं नव्हतं, पण चेहरे वाचायला कान लागत नाहीत.

"राजे, हिकडं ये."

ती गेली. त्यांनी दांडी तिच्यापुढं धरली. आजवर ती दांडी कुणाच्या हातात दिली नव्हती त्यांनी. चतुराबाईनं एकदा त्या दांडीनं चुलीतले निखारे सारले तर आप्पांनी आठ दिवस अबोला धरला होता.

"तू ऐक," आप्पा म्हणाले.

चावी शहादेवच्या मुठीत होती. राजश्री त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, हात पसरून. तिला वाटलं देणार नाही. दिली, पण हातात नाही, बॉनेटवर ठेवली.

इंजिन गरम होतं, पहिल्याच झटक्याला चालू झालं. राजश्रीनं दांडी टेकवली, कानात घेतली आणि डोळे मिटले. पहिला सिलिंडर, ठोका साफ. दुसरा, साफ. तिसऱ्यापाशी आली आणि ऐकू आलं, ठोक्याच्या मागं मागं, घागर बुडवताना येतो तसा गुळगुळ आवाज. तिनं दांडी तिथून हलवली, परत आणली. खोटं बोलायला अजून वेळ होता. सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते. जीवनही, आणि त्याला काय ऐकायचंय ते तिला ठाऊक होतं. म्हणजे अकरा वर्षांपूर्वी ज्यानं परत जा म्हटलं त्याचं खरं करायचं, आणि ज्यानं पाना दिला त्याचं घर मोडायचं.

तिनं डोळे उघडले आणि इंजिन बंद केलं.

"न्हाई चालत," ती म्हणाली. "तिसऱ्या सिलिंडरपाशी हेडला तडा हाय. पाणी आत चाललंय. हळद टाकून बुजवलंय. घाटात इंजिन गच्च हुईल."

गहिनीनाथनं काही विचारलं नाही. त्यानं वर बघून सामान खाली घ्यायला सांगितलं. पेट्या उतरल्या, डालगं उतरलं. त्याची सून आपल्या बोचक्यावर जाऊन बसली आणि पोटावर हात ठेवून शहादेवकडं बघत राहिली. शहादेवनं तिच्याकडं बघायचं टाळलं, मग बघितलं, आणि मग मात्र तो चाकाला टेकून खालीच बसला.

"घाट उतरल्यावर हेड काढणारच हुतो मी," तो म्हणाला.

"घाट उतरल्यावर," राजश्री म्हणाली.

त्यानं डोकं चाकाला टेकवलं.

जीवननं मोबाइल काढला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, एवढं राजश्री त्याच्या बाजूनं सांगेल. पण बोटं चालत होती. तिनं त्याला सांगितलं की हेड उतरवून नीट होतं, पंधरा दिवसांचं काम आहे, भंगारात घालण्यासारखं काही झालेलं नाही. तो म्हणाला, आक्का, ठरलं हुतं. खरंच होतं ते. न्हाई म्हटलं तर भंगार, असंच ठरलं होतं, आणि न्हाई म्हणणारी ती स्वतः.

"जीवन," आप्पांनी हाक मारली. "त्या विजयसिंगाला लावतोस काय?"

"ठरलं हुतं आप्पा," जीवन मोठ्यानं, त्यांच्या तोंडासमोर जाऊन म्हणाला. "दिवाळीत. पायाला हात लावून."

हे आप्पांना कळलं, कारण त्यांनी मान डोलावली नाही. कोट सारखा केला, छाती काढली.

"ठरलं हुतं, मी म्हणीन ते. मी काय म्हणलो?"

जीवननं बोट फोनवरून उचललं.

"समदे हुते की हितं. गहिनीनाथ, काय म्हणलो मी?"

"चालती म्हणलात आप्पा," गहिनीनाथ म्हणाला आणि हसू लपवायला त्यानं तोंडावरून उपरणं फिरवलं.

"मग. ज्ञानोबाचा शब्द हाय, आता बदलत न्हाई. गाडी ऱ्हाईल. टोळी चढायची का न्हाई, ते राजीनं सांगितलंय. ते बी बदलायचं न्हाई. हितनं फुडं तिनंच सांगायचं."

बंद इंजिनाला म्हणलात की तुम्ही, असं जीवन पुटपुटला. ते आप्पांना ऐकू आलं नाही, आणि या खेपेला न ऐकण्याचा त्यांना चांगलाच उपयोग झाला. जीवननं फोन खिशात घातला आणि आईला म्हणाला, चहा राहिलाय का. बापाच्या पायाला हात लावून दिलेला शब्द त्याचाही होता.

गहिनीनाथ मोटारसायकल घेऊन दुसरी गाडी बघायला निघाला. जाताना शहादेवपाशी थांबून म्हणाला, पंधरा दिवसांत आलास तर फड काई पळून जात न्हाई, ऊस हाय तिथंच हाय. शहादेवनं मान हलवली. हो की नाही ते कळण्यासारखं नव्हतं.

राजश्रीनं पाना घेतला आणि रेडिएटरच्या खालचा नळ उघडला. पिवळं पाणी भसाभस बाहेर आलं, वाफाळत अंगणभर पसरलं. बायकांनी बोचकी उचलली, लेकरांनी पाय वर घेतले. पाणी शहादेवच्या चपलांपर्यंत गेलं. तो उठला नाही, पाय मागं घेतले नाहीत.

"ही माझी हळद," चतुराबाई म्हणाली.

शहादेव उठला. हत्यारांच्या पेटीतून मोठा पाना काढून त्यानं राजश्रीच्या शेजारी बॉनेटवर ठेवला, हातात नाही, चावी ठेवली होती तसाच. म्हणाला, नट गंजलेत, तुझ्यानं ढिले व्हायचे न्हाईत. आणि निघून न जाता तिथंच उभा राहिला, तोंड दुसरीकडं करून. राजश्रीला वाटलं काहीतरी बोलावं. तिला गहिवरून आलं होतं आणि त्याला थोबाडावं असंही वाटत होतं. तिनं पाना उचलला.

आप्पा इंजिनपाशी आले. वाकून आत बघायला लागले. राजश्री त्यांना म्हणाली, तिसऱ्याला हाय आप्पा, तिथनं तडा गेलाय.

"हूं," आप्पा म्हणाले आणि मान डोलावली.

मग थांबले. कापणारा हात दुसऱ्या हातानं धरला. अंगणात अजून सगळे होते, दोन्ही पोरं, बायको, अख्खी टोळी.

"न्हाई," ते म्हणाले. "ऐकू आलं न्हाई मला. काय म्हणलीस?"

राजश्रीनं ऑइलनं माखलेली तीन बोटं त्यांच्यापुढं धरली.

आप्पांनी बोटं बघितली. एकदा इंजिनकडं बघितलं, परत बोटांकडं.

"तिसरा," ते म्हणाले. "मला वाटलंच हुतं."